भरावातला होकार

"माझा भाऊ खोटारडा आहे की मी बहिरा आहे, एवढंच मला सांगा बाई," असं म्हणत इलियास मोमीन समोरच्या खुर्चीत बसला.

तृप्ती भामरेला असल्या सुरुवातींची सवय होती. मालेगावच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात तिच्या टेबलाशी येणारी माणसं फोन आणि इंटरनेटच्या दरांनी पिडलेली असत. कुणाचा प्लॅन न विचारता बदललेला असे, तर कुणाला 'अमर्याद' या शब्दालाही मर्यादा असते हे नव्यानं कळलेलं असे. इलियासची तक्रार मात्र दरांची नव्हती.

तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून यंत्रमाग चालवत. थोरला सुतासाठी सुरतेला गेलेला असताना मागांना गिऱ्हाईक आलं. इलियासनं भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "विकून टाक." इलियासनं माग विकले. भाऊ परत आला, रिकामी शेड बघितली आणि भर रस्त्यात त्यानं इलियासच्या थोबाडीत मारली. त्याचं म्हणणं, मी 'विकू नको' म्हणालो होतो.

"माझ्या कानांनी ऐकलंय. आवाज त्याचाच," इलियास म्हणाला. "आता तो लेकरांची शपथ घेऊन सांगतो. लेकरांची खोटी शपथ घेणारा तो नाही, ते मलाही माहीत आहे. मग मी काय ऐकलं?"

"प्लॅन कुठला तुमचा?"

"दोघांचाही सुलभ. अख्ख्या गावाचा सुलभ आहे."

तृप्तीनं तक्रार नोंदवून घेतली. तो गेल्यावर तिनं सहज दोन्ही वाक्यं पुटपुटून बघितली. विकू नको. विकून टाक. तिसऱ्यांदा म्हणताना ती थबकली. 'विकून'पर्यंत दोन्ही वाक्यं जवळजवळ एकच होती. फरक सगळा त्या 'न'च्या पुढे होता.

*

सुलभ प्लॅनचे गुण तृप्तीनं आजवर हजारो लोकांना समजावले होते. तिचा नवरा तिला भेटला तोही असेच दर समजावताना.

तेव्हा ती नाशिकच्या केंद्रात होती. एका सकाळी फोन आला. गिरणेच्या धरणाकाठी मत्स्यबीज केंद्र चालवणारा शैलेश खैरनार म्हणून कोणी बोलत होता. "सकाळी बोललं तर एक भाव आणि संध्याकाळी बोललं तर चौपट, हा काय प्रकार आहे? शब्द तेच, तोंड तेच."

तृप्तीनं त्याला समजावलं होतं. फोनसाठी कंपनीला जो खर्च येतो तो मिनिटांचा नसतो. टॉवर उभा आहे, तारा पुरलेल्या आहेत. तुम्ही बोला की गप्प बसा, त्यांना फरक पडत नाही. पण एका टॉवरपाशी लहरींची जागा ठरावीक असते. पहाटे ती ओस पडलेली असते, आणि संध्याकाळी सात ते नऊ सगळं गाव एकदम बोलायला लागतं. त्या दोन तासांना पुरेल एवढी जागा वर्षभर विकत घेऊन ठेवावी लागते. हा बोजा ज्याच्यामुळे पडतो, त्याच्याकडून तो वसूल करायचा.

"म्हणजे मी बोलण्याचे पैसे देत नाही," शैलेश म्हणाला होता, "गर्दीत जागा अडवल्याचे देतो."

इतक्या चटकन कुणाला ते कळलं नव्हतं. तृप्ती हसली होती.

काही महिन्यांनी सुलभ प्लॅन आला आणि संध्याकाळचं बोलणं पूर्वीच्या सकाळच्या दराहूनही स्वस्त झालं. कंपनीनं युक्ती मोठी नामी केली होती. फोन आता आवाज पाठवतच नसे. तुमच्या आवाजाचा एक ठसा समोरच्याच्या फोनमध्ये आधीच जाऊन बसलेला असे. तुम्ही बोललात की लहरींवरून फक्त शब्दांचा सांगाडा जाई, आणि पलीकडचा फोन त्या सांगाड्यावर तुमच्या आवाजाचं मांस चढवी. एका माणसाच्या जागेत शंभर माणसं बोलू लागली. ज्यांना दोन्हीकडचा मूळ आवाज जसाच्या तसा पोचायला हवा असेल, त्यांच्यासाठी 'अस्सल' नावाचा प्लॅन होता. तो इतका महाग होता, की बडे व्यापारी, वकील आणि नवी नवी प्रेमं सोडली तर कुणी त्याच्या वाटेला जात नसे.

शैलेशनं आभार मानायला फोन केला. मग दुसऱ्या दिवशी, मग रोजच. तो घटस्फोटित होता, मुलगी ऋजुता त्याच्याकडे राहत होती. तृप्तीचंही पहिलं लग्न मोडलेलं. दोघं प्रत्यक्ष भेटली दोनदाच, बाकी सगळं फोनवर. त्याच्या बोलण्यात एक संथ, ओघवता मऊपणा होता. अडखळणं नाही, खाकरणं नाही. दिवसभर चिडलेल्या लोकांशी बोलून आल्यावर तृप्तीला तो आवाज अंगावर शाल घेतल्यासारखा वाटे.

आठ-दहा महिन्यांनी तिची मालेगावला बदली झाली. शुक्रवारी संध्याकाळी तिनं धीर करून त्याला विचारलं, "रविवारी सामान घेऊन तुमच्याकडेच येते. सोमवारी नोंदणी विवाहाची नोटीस देऊ. येऊ ना?"

पलीकडून उत्तर आलं, "तृप्ती, तुम्ही आता येऊनच जा."

"बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. रविवारी ती गेली. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली होती.

*

इलियासच्या तक्रारीवर केंद्रानं कंपनीला बोलावलं. कंपनीकडून श्रुती केळकर नावाची तिशीतली तंत्रज्ञ आली. तिनं उडवाउडवी केली नाही, आणि त्यामुळेच तृप्तीला पुढचं सगळं जास्त भीतिदायक वाटलं.

"आम्ही आत त्याला भराव म्हणतो," श्रुती म्हणाली. "बोलण्यातला एखादा तुकडा पोचला नाही, तर पलीकडचा फोन अंदाजानं तो भरून काढतो. आपणही तेच करतो. बोलता बोलता कुणाला शिंक आली, तरी राहिलेला शब्द आपल्याला कळतो. रस्त्यावर खड्डा पडला की मुरूम टाकतात, तसंच."

"खड्डा पडतो, की तुम्ही पाडता?" तृप्तीनं विचारलं.

श्रुतीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "गर्दीच्या वेळी पाडतो. जो तुकडा अंदाजानं भरता येईल असं यंत्राला वाटतं, तो पाठवतच नाही. शंभर शब्दांत चार-पाच. नाहीतर त्या दरात हा प्लॅन देता येणारच नाही."

"हे ग्राहकाला सांगितलंय?"

"करारात आहे. 'श्राव्य सुबकतेसाठी आवश्यक ती पूर्तता.'"

इलियासनं विचारलं, "मग माझ्या भावाचा खरा शब्द कुठाय? तुमच्याकडे असेल ना जपून ठेवलेला?"

"जो आम्ही वाहून नेलाच नाही, तो जपून कुठे ठेवणार?" श्रुती हळू आवाजात म्हणाली.

तृप्तीनं विचारलं, "अंदाज चुकला की बरोबर आला, हे यंत्राला कसं कळतं?"

"ऐकणाऱ्यावरून. भरावानंतर ऐकणारा 'काय? काय म्हणालास?' असं विचारू लागला किंवा वैतागून फोन ठेवला, तर तो अंदाज चुकीचा धरायचा. ऐकणारा खूश राहिला तर बरोबर. असे अब्जावधी फोन ऐकून यंत्र शिकलंय."

मग तृप्ती इलियासकडे वळली. "भाई, राग मानू नका. माग विकावेत असं तुमच्या मनात होतं का?"

इलियासनं मान खाली घातली. "वर्षभर मी भावाच्या मागे लागलो होतो," तो म्हणाला.

हे असं कित्येकांच्या बाबतीत घडलं असणार होतं आणि तरी बोभाटा झाला नव्हता. कसा होईल? ऐकलेलं आणि बोललेलं जुळलं नाही, की माणूस यंत्राचा संशय घेत नाही. माणसाचा घेतो.

*

त्या दिवशी बसमधून घरी जाताना तृप्तीच्या डोक्यात इलियासचा भाऊ नव्हता. एकच वाक्य फिरत होतं. तुम्ही आता येऊनच जा.

येऊ न.

'न'च्या पुढे काय होतं?

तिनं तो रविवार आठवून बघितला. ती रिक्षातून उतरली तेव्हा शैलेश तळ्यावरून आला होता, कोपरापर्यंत हात ओले. तिला बघून म्हणाला होता, "अरे... तुम्ही?" आणि मग "या, या." दोनदा. तिनं तो लाजरेपणा समजला होता. ऋजुतानं आतून बघितलं होतं आणि खोलीचं दार लावून घेतलं होतं. जेवायला पिठलं आणि शिळी भाकरी होती. बायको होणारी बाई सामान घेऊन यायची आहे, असं त्या घरात काही नव्हतं. हे सगळं तिनं तेव्हाही बघितलं होतं. अर्थ तेवढा आत्ता लागत होता.

घरी शैलेशनं चहा केला होता. तिनं कप हातात घेतला आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "तू मला इथं बोलावलंस ती संध्याकाळ आठवते का रे?"

"मी कुठे बोलावलं? तूच आलीस," तो हसत म्हणाला.

हे तो नेहमी म्हणायचा. पाहुण्यांसमोर, मित्रांसमोर. तृप्ती नेहमी लटकं रागवायची. आज तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो हसत होता, पण थट्टा करताना त्याची डावी भुवई वर जाते तशी ती गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला न सांगता स्वतःच्या फोनवर अस्सल घेतला. ऑफिसातून दुपारी फोन लावला आणि तिला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

"अं... हां, बोल," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज घोगरा, थोडा दमलेला. वाक्याच्या मध्येच तो थांबे, खाकरे, शब्द शोधी. एकदा तर इतका वेळ गप्प राहिला, की फोन कट झाला असं तिला वाटलं.

घरात तो असाच बोलायचा, हे तिला माहीत होतं. पण फोनवरचा शैलेश वेगळा, हेही तिनं गृहीत धरलं होतं. काही माणसं फोनवर खुलतात. आता कळलं, की खुललेला माणूस नव्हताच. अडखळणं म्हणजे फुकट अडवलेली जागा, म्हणून यंत्र ते गाळत होतं आणि सांधे गुळगुळीत करत होतं. ज्या ओघावर ती भाळली होती, तो कंपनीनं काटकसरीसाठी तयार केला होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शैलेश ऋजुताशी फोनवर बोलू लागला की तृप्ती काम थांबवून ऐके. पुण्याला शिकायला गेलेली ऋजुता आपल्याशी तुटक बोलते, ते सावत्रपणामुळे, असं ती इतके दिवस समजत होती. आता वाटू लागलं, की त्या पोरीला सगळं ठाऊक आहे. शैलेशनं तृप्तीच्या ताटात आधी वाढलं, तर तिला वाटे, भीड. नाही वाढलं, तर वाटे, कंटाळला. "काय होतंय तुला?" त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा "काही नाही" म्हटलं.

विचारायची हिंमत होत नव्हती. ज्या वाक्यावर आपण घर मांडलं, ते वाक्य कुणी बोललंच नसेल, तर?

*

शेवटी एका सकाळी ती तळ्यावर गेली. शैलेश कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीत मत्स्यबीज ठेवलेलं होतं, ते तो वाटीनं मोजून दुसऱ्या जाळीत टाकत होता.

"शैलेश, खरं सांग," ती काठावरूनच म्हणाली. "त्या शुक्रवारी मी 'येऊ ना' म्हणून विचारलं. तू काय म्हणालास?"

त्यानं वाटी पाण्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

"तुला माहीत आहे की," तो म्हणाला.

"मला माहीत नाही. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मी म्हणालो, तुम्ही आता येऊ नका."

तृप्ती काठावर बसली. इतके दिवस संशय होता, तेव्हा निदान त्याच्याशी झगडता येत होतं.

"कारण काय होतं?"

"आदल्या दिवशी स्वातीचा फोन आला होता," तो म्हणाला. स्वाती म्हणजे ऋजुताची आई. "परत यायचं म्हणत होती. ऋजुताही हट्ट धरून बसली होती. मला काही सुचेना. तुला सगळं समजावून सांगणार होतो, पण 'येऊ नका' म्हटल्यावर तू 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. वाटलं, दुखावली. दोन दिवस मी फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. आणि रविवारी तू दारात. सामानासकट."

"आणि तू 'या, या' म्हणालास."

"मग काय म्हणणार होतो?" तो पाण्यातून बाहेर आला. "तृप्ती, मी तोंडावर 'नका' म्हटलं, तरी ही बाई आली. म्हणजे हिला मी किती हवा असेन, असं मला वाटलं. आजवर कुणी माझ्यासाठी असलं धाडस केलं नव्हतं. स्वातीनं तर साध्या भांडणातून घर सोडलं होतं. मी तुझ्या त्या धाडसाकडे बघून स्वातीला नाही म्हटलं."

तृप्ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी धाडस केलं नाही. मला 'येऊनच जा' असं ऐकू आलं."

"काय?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. इलियास, श्रुती, पाडलेले खड्डे, भराव. शैलेश ऐकत होता आणि त्याच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे तुला ऐकूच आलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्षं मला वाटतंय, तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. लोकांसमोर 'तूच आलीस' म्हणायचो, तेव्हा वाटायचं, आतातरी कबूल करेल. तू कधी कबूल करायची नाहीस. कधी कधी मला तुझी भीतीही वाटायची. ही बाई एवढं मनात ठेवू शकते, तर अजून काय काय ठेवत असेल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याला एक धीट बाई मिळाली होती आणि तिला एक ओघवत्या बोलण्याचा पुरुष. दोन्ही माणसं तिथं नव्हती.

"भिडेनं राहिलास माझ्याबरोबर?" तिनं विचारलं.

तिला त्याच्या घशातली खरखर ऐकू येत होती. "पहिले सहा महिने भिडेनं," तो म्हणाला. "नंतर नाही."

ते सहा महिने तिच्या मनाला लागले. पण त्यानं ते लपवले नाहीत, म्हणून पुढच्या दोन शब्दांवर विश्वास ठेवावासा वाटला. अर्धामुर्धा.

मग तिच्या मनात भलतंच आलं. "आणि स्वाती? ती परत यायचं म्हणाली, हे तरी कशावरून? 'यायचं नाही' म्हणाली असेल तर?"



*

तृप्ती चाळीसगावला एकटी गेली. स्वाती तिथं एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. दोघी आधी कधी भेटल्या नव्हत्या. स्वातीनं तिला ओळखलं, बहुधा ऋजुतानं दाखवलेल्या फोटोंवरून. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं स्टूल पुढे सरकवलं.

तृप्तीनं आडवळण न घेता विचारलं.

"मी नेमकं काय म्हणाले?" स्वाती म्हणाली. "म्हणाले, मला परत यायचंय. चूक कुणाची ते नंतर बघू, पण मला माझ्या घरी यायचंय. त्या एका फोनसाठी मी अस्सल घेतला होता, महिनाभराचा. रडू येईल, आवाज चिरकेल, हे ठाऊक होतं. म्हटलं, चिरकू दे. पण माझाच पोचू दे."

"पोचला होता," तृप्ती म्हणाली.

"हो, पोचला. उत्तरही आलं, दहाएक दिवसांनी. 'आता उशीर झाला.' तेही नीट ऐकू आलं."

तृप्तीनं मग तिला भराव, ग्राहक आयोगापुढे गेलेली इलियासची तक्रार आणि शुक्रवारचं वाक्य, सगळं सांगितलं. आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं हे सांगताना तिचे कान तापले. स्वाती एका चष्म्याची काच पुसत होती. पुसून झाली तरी ती पुसतच राहिली.

"मग आता काय?" ती म्हणाली. "परत द्यायला आलात?"

तृप्तीनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

"नकोय मला," स्वाती म्हणाली. "तीन वर्षांत माझंही काहीतरी झालंय की. पण हे मला सांगून तुमचं ओझं कमी होईल असं वाटलं असेल, तर उगीच आलात. तुमचं तुमच्याकडेच राहू द्या." तिनं चष्मा कपाटात ठेवला आणि काच सरकवली. "आयोगापुढे तक्रार चाललीय म्हणता. तिथं हे सांगणार आहात का?"

"ठरलं नाही अजून."

"सांगा. माझं नाव घ्यायचं असेल तर तेही घ्या. मी पैसे भरून खरं बोलले आणि फुकटातलं खोटं जिंकलं, हे कुणाच्या तरी कानावर जाऊ दे."

*

इलियासच्या प्रकरणात आणखी बऱ्याच तक्रारी जोडल्या गेल्या होत्या. तृप्तीची त्यात शेवटची होती. तिनं साक्ष दिली तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली. एका कोपऱ्यात कुणीतरी हसलंही. इलियास आणि त्याचा भाऊ एकाच बाकावर बसले होते, मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

मग शैलेशला बोलावलं. कंपनीचा वकील गोड बोलणारा होता.

"खैरनारसाहेब, तुमचा संसार सुखाचा आहे ना?"

"आहे."

"तुम्हाला पत्नी आवडतात?"

"हो."

"म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही गोंधळात 'नका' म्हणालात, पण तुमच्या मनात जे होतं ते आमच्या यंत्रानं अचूक ओळखलं. तुमचं नुकसान नेमकं काय झालं? मी तर म्हणेन, भलंच झालं."

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी मान वर केली. श्रुती केळकर कंपनीच्या माणसांमध्ये बसली होती, ती खाली बघत होती. तृप्तीला वाटलं, आता शैलेश अडखळेल. तो अडखळलाच. खाकरला. कठड्यावरचे हात त्यानं दोनदा मागेपुढे केले.

"भलं झालं की वाईट," तो म्हणाला, "ते आम्ही बघू. आमचं आम्ही. पण मी... मी 'नका' म्हणालो होतो. तो माझा शब्द होता. चुकीचा असेल, भेकडपणाचा असेल, पण माझा. आणि तो ऐकून काय करायचं, ते हिनं ठरवायचं होतं. आली असती, नसती आली. तिसरी एक बाई होती, तिनंही काही ठरवलं असतं. तुम्ही आम्हा तिघांनाही विचारलं नाहीत. हवेतली जागा वाचवायला तुम्ही माझा शब्द रस्त्यात टाकून दिला. तो पोचायला हवा होता. मग ही माझ्या घरी कधी आली नसती, तरीसुद्धा."

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं तृप्तीकडे बघितलं. तिला ते वर्मी लागलं, आणि ते खरं आहे हेही तिला त्याच क्षणी पटलं. या दोन गोष्टी एकदम होऊ शकतात, हे तिला नवीन होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं विचारलं, "राग आला?"

"आला," ती म्हणाली. "चल, बस चुकेल."

आयोगाचा निकाल दोन महिन्यांनी लागला. भराव बंद करा असं सांगणं आयोगाला शक्य नव्हतं. तसं केलं तर निम्म्या जिल्ह्याला संध्याकाळी फोन परवडला नसता. निकाल असा झाला, की भराव जिथं जिथं असेल, तिथं ऐकणाऱ्याला टिकटिक असा आवाज ऐकू आला पाहिजे. पंधरवड्यातच कंपनीनं सुलभचा दर वाढवला आणि त्याच दिवशी नवा प्लॅन काढला. नाव 'सुलभ शांत'. दर जुनाच, आणि ग्राहकाच्या लेखी संमतीनं टिकटिक बंद.

तृप्तीच्या टेबलासमोर रांग लागली ती त्या शांत प्लॅनसाठी. ती प्रत्येकाला टिकटिक म्हणजे काय ते समजावून सांगे. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि शांतच मागत. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पोरगा सिंगापूरहून महिन्यातून एकदा बोलतो हो. त्यात किती खरं ते मोजत बसू का?" तृप्तीनं संमतीचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

तिच्या आणि शैलेशच्या फोनवर टिकटिकवाला सुलभ होता. अस्सल परवडण्यासारखा नव्हता. सुरुवातीला दोघं कमीच बोलत. काही महत्त्वाचं असलं की तळ्याच्या काठावर नाहीतर स्वयंपाकघरात, समोरासमोर. ऋजुता दिवाळीला आली तेव्हा तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकून उठली आणि गच्चीवर गेली. परत आली ती तासाभरानं. त्या वेळीही ती तृप्तीशी फार बोलली नाही, पण पुण्याला निघताना पहिल्यांदाच "येते" म्हणाली.

एका संध्याकाळी तृप्ती ऑफिसात उशिरापर्यंत थांबली होती. नाशिकहून साहेब यायचे होते, अहवाल पुरा करायचा होता. शैलेशचा फोन आला. "तृप्ती, ऐक, मला वाटतं तू..." आणि मग टिकटिक टिकटिक, आणि त्या टिकटिकीच्या आतून त्याचाच मऊ आवाज, "...सावकाश ये, काही घाई नाही." आणि फोन बंद.

वाक्य गोड होतं. तिला हवं होतं अगदी तसंच. तृप्तीनं फोन खाली ठेवला, अहवाल अर्धा टाकला आणि समोर लागलेली बस पकडली.

ती पोचली तेव्हा तो अंगणात फाटलेली जाळी सांधत बसला होता.

"काय म्हणत होतास?" तिनं धापा टाकत विचारलं.

"मी?" तो गोंधळला. "अं... म्हणालो, मला वाटतं तू येताना दही आण. विरजण नासलंय."

"एवढंच?"

"एवढंच की. आणलंस?"

तृप्ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, ओठांकडे, भुवयांकडे. मग पिशवी खाली ठेवून ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"नाही आणलं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हण. सगळं वाक्य."

त्यानं जाळी बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि म्हटलं.